झोपाळ्यापर्यंतची वाट

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. अकरा प्रसंग, प्रत्येकापुढे आवडण्याचं कारण, आणि त्या कारणांत 'भारी' हा शब्द सात वेळा. मोजले, कारण हयात संकलनाच्या टेबलावर गेली की माणूस सगळंच मोजायला लागतो. नवव्या क्रमांकापुढे मात्र तू एवढंच लिहिलंयस : 'म्हातारा बर्फात झोपाळ्यावर बसून गातो. का आवडलं, सांगता येत नाही.' हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. बाकीच्या दहांपैकी तीन मला अजिबात आवडत नाहीत, पण त्यावरून भांडू पुढे कधीतरी.

आधी माझी एक फजिती सांगतो. हिचकॉकच्या 'सायको'तला (१९६०) शॉवरखालचा खून मी तरुणपणी पाहिला आणि पुढे कित्येक वर्षं त्यातलं लालभडक रक्त मित्रांना रंगवून सांगत राहिलो. चित्रपट कृष्णधवल आहे! पाण्यात वाहतं ते चॉकलेटचं सिरप. लाल रंग माझ्या पदरचा. जेमतेम पाऊण मिनिटाच्या त्या खुनासाठी चित्रीकरणाचे सात दिवस गेले, आणि एवढं करून सर्वांत भडक गोष्ट माझ्याच डोक्यात तयार झाली. म्हणून एखाद्या प्रसंगाबद्दल लिहायचं असेल तर आधी तो आठवणीतून लिहून काढ, मग पुन्हा बघ. तू काय काय पदरचं घातलंस ते सापडेल. प्रसंगाने नेमकं तिथे तुला कामाला लावलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या यादीतले बहुतेक प्रसंग तू फोनवर, कापलेल्या तुकड्यांत पाहिलेस, हे तुझ्या वर्णनावरूनच कळतं. तू चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'चा (१९३१) शेवट लिहिलायस : फुलं विकणाऱ्या मुलीला आता दिसू लागलंय, समोरच्या फाटक्या माणसाच्या हातात ती नाणं ठेवते आणि त्या स्पर्शाने त्याला ओळखते. तुझं कारण : 'चॅप्लिनचा चेहरा'. चेहरा आहेच गं. पण तो हात इतका बोलतो कशामुळे? त्यासाठी त्यांची पहिली भेट बघ. मुलगी आंधळी, हा कफल्लक, आणि तिने याला श्रीमंत समजायला हवं. मूकपटात हे दाखवणार कसं? चॅप्लिन या एका प्रश्नावर महिनोन् महिने अडून बसला होता. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करत राहिला. अखेर उत्तर सापडलं ते एका मोटारीच्या दारात. पोलिसाला चुकवायला हा एका उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. दार लागतं, ते ती ऐकते, आणि तिच्यापुरता तो मोटारीचा मालक होतो. आपल्याला आवाज येत नाही. ती ऐकते आहे हे आपल्याला दिसतं. मग तो तिच्याकडून फूल घेतो, नाणं देतो. सुटे पैसे मिळायच्या आत मोटारीचा खरा मालक निघून जातो, आणि साहेब गेले असं समजणाऱ्या त्या मुलीसमोर हा चोरपावलांनी बाजूला होतो.

शेवटी पुन्हा तेच : फूल आणि नाणं. फक्त आता देणारी ती आहे. तुझ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात पहिलं नाणं नव्हतं, म्हणून तुला चेहऱ्यावर समाधान मानावं लागलं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका चित्रपटात आजी रोज रात्री दाराला कडी लावते असा सात सेकंदांचा शॉट होता. तीनदा येत होता. मला वाटलं, रेंगाळतोय. दोन ठिकाणी मी तो उडवला. स्वतःवर खूश होतो. पुढे आजी गेल्यावर ती कडी नुसती लोंबकळताना दिसते, तिथे पहिल्या खेळाला कुणीही हललं नाही. एकाने तर जांभई दिली. परत येऊन चौदा सेकंद जागच्या जागी जोडले, शेवटाला हातही लावला नाही.

'फँड्री'चंही (२०१३) तसंच. शेवटी पोरगा भिरकावतो तो दगड यादीत असायलाच हवा, पण राष्ट्रगीत ऐकून डुकरामागे धावणारं त्याचं कुटुंब थिजून उभं राहतं आणि डुक्कर आरामात निघून जातं, हे आधी घडलेलं नसेल तर तो निव्वळ कॅमेऱ्याकडे फेकलेला दगड.

दुसरी गोष्ट, काय वगळलंय ते बघ. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी गेल्याचं त्याला माहीत नाही. तो एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो, त्यात मुलीसाठी आणलेली साडीही. आई कोसळते, तोंड उघडतं, पण आपल्याला तिचं रडणं ऐकू येत नाही. त्याजागी तारशहनाई हे तंतुवाद्य आक्रंदतं. राय यांनी आईचा आवाज ठेवला असता तर तो एका बाईचा हुंदका झाला असता. आवाज काढून घेतल्यावर तो कुणाचा ऐकायचा हे आपल्यावर आलं. हा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून ऐक. दोन्ही वेळा तो अर्धाच लागेल.

कॅमेऱ्याचं कौतुक, लांबलचक शॉट, 'बघा कसं केलंय' छापाची कसरत यात फार रमू नकोस. ते लवकर कळतं आणि लवकर जुनं होतं.

आता तुझा म्हातारा. तो कुरोसावाच्या 'इकिरू'मधला (१९५२) कचेरीतला कारकुनी साहेब, वातानाबे. पोटाचा कॅन्सर झालेला. तू पाहिलेला तुकडा मीही शोधून पाहिला. गाणं सुरू होताना सुरू होतो आणि गाणं संपताना संपतो. पण तेच गाणं त्याने आधी एकदा म्हटलेलं आहे, एका बारमध्ये, आणि तेव्हा भोवतालची माणसं काय करतात ते बघण्यासारखं आहे. आणि झोपाळ्यावरचा तो आपल्याला कुणाच्या तोंडून, कुठे बसून कळतो, हे मी सांगणार नाही.

रविवारी पहिल्या फ्रेमपासून बघ. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कारण सापडलं नाही तर नवव्या ओळीत काही बदल करू नकोस.

तुझा,
काका