वाचकांचे प्रश्न : कारखान्याचं काडतूस की हातानं भरलेलं?

प्रश्न : सर, मी परभणीचा, .22 रायफलीवर 50 मीटर प्रोन, म्हंजी पालथं झोपून, मारतो. युट्यूबवर बाहेरच्या देशातले शूटर घरीच काडतुसं भरतेत आन् म्हणतेत की फॅक्टरीच्या मालापेक्षा ग्रुप, म्हंजी टार्गेटवरचा गोळ्यांचा पसारा, अर्ध्यावर येतो. माझं असं होतंय की एका पेटीनं झकास लागतं, त्याच कंपनीची त्याच नावाची दुसरी पेटी उघडली की गोळ्या खाली-वर. मग आपण बी कामून भरू नये?

उत्तर : पहिली गोष्ट, .22 चं काडतूस हातानं भरताच येत नाही. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्ये वेगळी कॅप असते, फुटली की ती काढून नवी बसवता येते, पण .22 मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत, रिममध्येच बसवलेला असतो आणि घोडा पडला की ती रिमच चेपते, म्हणजे एकदा उडालं की ते कवच संपलं. तुम्ही बघितलेले व्हिडिओ मोठ्या रायफलीचे असणार. दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे रायफलीचा परवाना आहे म्हणून काडतूस बनवायचा परवाना आपोआप मिळत नाही, त्यामुळे हा नाद घरात अजिबात नको.

पण ते लोक म्हणतात ते खोटं नाही, आणि का खरं आहे ते समजून घेतलं तर तुमच्या खाली-वर पडणाऱ्या गोळ्यांचं उत्तर त्यातच आहे. कारखान्याला असं काडतूस बनवावं लागतं जे त्या मापाच्या झाडून सगळ्या रायफलींत बसलं पाहिजे, जुन्या-नव्या, सैल-घट्ट कुठल्याही चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, त्यामुळे माप थोडं राखून ठेवलेलं असतं. हातानं भरणारा माणूस फक्त स्वतःच्या एका रायफलीसाठी भरतो, त्याचं कवच त्याच चेंबरमध्ये एकदा उडून त्याच मापाचं झालेलं असतं, बुलेट किती आत बसवायची ते तो आपल्या नळीप्रमाणे ठरवतो आणि प्रत्येक काडतुसाची दारू वेगळी तोलतो. तेवढ्यानं वेग एकसारखा येतो, आणि लांबच्या अंतरावर गोळी वर-खाली पडण्याचं मोठं कारण वेगातला फरक हेच असतं. म्हणजे करामत हाताची नाही बरं का, एकसारखेपणाची आहे. हयगयीनं भरलेलं काडतूस कारखान्याच्या चांगल्या मॅच मालापुढं, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या काडतुसापुढं, टिकत नाही, आणि दारू चुकीची पडली तर रायफल फुटते, तोंडापाशी.

आता त्या अर्ध्यावर आलेल्या ग्रुपबद्दल. बहुतेक जण तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवतात आणि तोही दिवसभरातला सगळ्यात देखणा. तीन गोळ्या फसवतात. त्याच रायफलीचा त्याच काडतुसाचा तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप 20 मिलिमीटर येत असेल तर दहा गोळ्यांचा 32 च्या आसपास जातो, यात काडतूस बिघडलेलं नसतं, गोळ्या वाढल्या की पसारा वाढणारच, हे साधं गणित आहे. त्यामुळे हातानं भरलेल्याचा तीनचा ग्रुप आणि फॅक्टरीचा दहाचा ग्रुप शेजारी ठेवून कुणी बोलायला लागला तर ती तुलनाच धरू नका.

तुमच्या पेट्यांकडं येतो. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं. .22 मॅच काडतुसाची गोळी साधारण 320 ते 330 मीटर सेकंदाला जाते, आणि वेग 10 मीटरनं कमी पडला तर 50 मीटरवर गोळी साधारण 8 मिलिमीटर खाली लागते, म्हणजे जी 10.9 ला, दहाच्या अगदी मध्यावर, जायची ती 10.0 च्या काठावर, तुमची पोझिशन, श्वास, ट्रिगर सगळं बरोबर असून. मग बाकीचं सगळं जुळून आलेला पोरगा बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो, हे मला फार खटकतं. आपल्याकडं सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगवर लॉट नंबर असतो ना, वाण तेच पण एका लॉटची उगवण झकास आणि दुसऱ्याची बेताची, तसंच इथं. पेटीवरचा लॉट नंबर वाचायची सवय लावा, एले कंपनी तर त्या लॉटचा वेगही पेटीवर छापते. एले, लापुआ असल्या कंपन्यांकडं शूटर स्वतःची रायफल घेऊन जातात, ती पकडीत धरून एकेक लॉट मारून बघतात आणि जो आपल्या नळीला मानवतो तोच उचलतात. .22 वाल्याचं हातानं भरणं म्हणजे हेच समजा. आज ऑलिम्पिकमध्ये रायफलीचे प्रकार 10 मीटर एअर आणि 50 मीटर .22 एवढेच आहेत, म्हणजे 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं तेही कारखान्याच्याच काडतुसावर.

परदेशी जाणं प्रत्येकाला जमणार नाही, पण क्लबात चार-पाच जण मिळून दोन-तीन लॉटच्या एकेक पेट्या घ्या. पुण्यात बालेवाडीला 50 मीटरच्या रेंजवर जाल तेव्हा एकाच दिवशी, एकाच सपोर्टवरून, प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे चार ग्रुप मारा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, कारण आधीच्या गोळ्यांचं वंगण नळीत असतं आणि नवं बसायला वेळ लागतो. एखादी गोळी बाहेर गेली तर ती पण मोजायची, ‘ती माझ्यामुळं गेली’ म्हणून सोडायची नाही, नाहीतर टेस्टला अर्थच राहत नाही. जो लॉट निघेल त्याच्या पेट्या असोसिएशनमार्फत एकदमच उचला, नंतर मिळंलच असं नाही.

आणि परभणीची थंडी लक्षात ठेवा. 10 डिग्रीला आवाजाचा वेग 337 मीटर असतो, मे महिन्यात 40 डिग्रीला 355. थंडीत पहाटे गोळी आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळून जाते आणि तिथं ती डळमळू शकते, शिवाय दारू गार असली की वेगही बदलतो. हिवाळ्याची टेस्ट हिवाळ्यातच घ्या.

प्रश्न : माझ्याकडं परवान्याची .315 आहे, बीड जिल्ह्यात शेत आहे. जुनी काडतुसं एका जागी लागतेत, नवी दुसऱ्या जागी. रायफल बिघडली का?

उत्तर : रायफल बहुतेक ठणठणीत आहे. लॉट बदलला की गोळी पडायची जागा बदलते, त्यात तुमची जुनी काडतुसं पत्र्याच्या घरात किती उन्हाळे काढून आलीत कुणास ठाऊक. दोन्ही मिसळू नका, रायफल एका लॉटवर सेट करा आणि तोच वापरा. काडतुसांची ट्रंक सावलीत, कोरड्या जागी ठेवा, गाडीच्या डिकीत तर नकोच. कवचावर हिरवा गंज किंवा मानेला चीर दिसली तर ते काडतूस मारू नका, पोलीस ठाण्याला विचारून जमा करा. एखादं फुसकं गेलं तर लगेच बोल्ट उघडू नका, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कारण उशिरानंही उडतं. आणि पिकात शिरलेलं डुक्कर असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही.

प्रश्न : मुलगी नांदेडला नुकतीच एअर रायफल शिकायला लागली, सगळ्यात महागडे पेलेट (एअर रायफलीचे छर्रे) घेऊ का?

उत्तर : आत्ता नको ताई. एअरमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळं पुढं जाऊन पेलेटचा लॉट नक्की बघावा लागंल, पण सुरुवातीला तिचा ग्रुप उभं राहण्यावर ठरतो. मध्यम प्रतीचे, एकाच बॅचचे दोन-चार डबे घेऊन द्या आणि ते संपेपर्यंत ब्रँड बदलू नका, म्हणजे सुधारणा तिची झाली की पेलेटची हे कोचला दिसंल.