तळीत सोडलेलं कासव तळीत राहत नाही

प्रश्न वाचकांचे, उत्तरं पशुवैद्य ताईंची

या महिन्यात गाई-म्हशींची पत्रं मी बाजूला ठेवली आहेत, रागावू नका. पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी एकाच तऱ्हेची पत्रं वाढतात: घरात अडचण झालेला प्राणी कुठे सोडू? सुट्टीत मुलं गावी येतात आणि सोबत शहरात आणलेला जीवही येतो. मुलं परत जातात, तो मागे राहतो. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

आदरणीय ताई, सहा वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला मुंबईहून कासवाचं पिल्लू आणलं. हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा, तळहातावर मावेल एवढं. आता ते जेवणाच्या ताटलीएवढं झालं आहे. काचेची पेटी पुरत नाही, दोन दिवसांत पाण्याला वास येतो, मुलगी दहावीला आहे. गावच्या देवळाच्या तळीत सोडावं असं सगळ्यांचं मत आहे. तळीत आधीपासून कासवं आहेत, सोबत होईल, आणि पुण्यही लागेल. एकच शंका आहे, ते जगेल ना?
— एक वाचक, ता. गुहागर

जगेल, भाऊ. म्हणूनच सोडू नका.

तुमचं कासव आपल्याकडचं नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असणारं हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. बाजारात त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. ते वीस-तीस वर्षं सहज जगतं, मासे, बेडकाची पिल्लं, किडे, पाणवनस्पती, जे मिळेल ते खातं, आणि गढूळ पाण्यातही तगतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची यादी केली, तिच्यात हे कासव आहे. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात थांबवली, कारण तिथल्या घराघरांतून ती अशीच तळ्यांत सोडली गेली होती.

तुमच्या तळीत आधीपासून असलेलं कासव बहुधा मऊ पाठीचं असेल. उचललं तर पाय आत ओढून खालून झडपा मिटून घेतं, उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पहिल्या पावसाला बाहेर येतं. काही तळ्यांत कठीण पाठीचं काळं कासवही असतं, ते उन्हं खायला दगडावर चढतं. तुमचं पाहुणं कासव त्याच दगडावर चढणार आणि तेच अन्न खाणार. ते धीट आहे. ऊन मिळालं नाही तर कासवाला खाल्लेलं पचत नाही, अंगात ताकद राहत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यात भांडण दिसत नाही. काही वर्षांनी तळीतली जुनी कासवं कमी झालेली दिसतात आणि आपण म्हणतो, काळ बदलला. शिवाय घरात वाढलेल्या कासवाच्या पोटातले जंत आणि रोगजंतू त्या पाण्यात जातात, ते वेगळंच.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिता तळी, पण कोकणातली तळी जून ते सप्टेंबर तळी नसते. आषाढात ती भरून वाहते, पाणी पऱ्याला लागतं, पऱ्या नदीला मिळतो. चढणीचे मासे ज्या वाटेने शेतात येतात त्याच वाटेने तुमचं कासव बाहेर पडणार. मादी असेल आणि तिला नर भेटला, तर एका वेळी वीसपर्यंत अंडी घालते, तेही वर्षातून एकाहून जास्त वेळा. नर कुठून येणार, असं म्हणाल. जिथून तुमचं आलं तिथूनच. तुमच्या तालुक्यात सुट्टीला मुंबईहून येणारं घर एकच नाही.

मग करायचं काय? माझा पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही: ते सांभाळा. तुम्ही गावात राहता, तुमच्याकडे अंगण आहे, ही शहरातल्या माणसाकडे नसलेली सोय आहे. चिऱ्याचा एक हौद बांधा, आत गुळगुळीत गिलावा करा, नाहीतर जांभ्यावर घासून त्याचं पोट सोलवटतं. तीन-चारशे लिटर पाणी मावलं पाहिजे. पाण्याच्या वर दीड हात भिंत कोरडी राहू द्या आणि तिचा काठ आत वळवा, कारण ही कासवं चढण्यात तरबेज असतात. एका बाजूला चढून बसायला फळी, तिथे सकाळचं ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. वरून जाळी. पावसाचं पाणी जायला नळी ठेवाल तिच्या तोंडालाही जाळी लावा, नाहीतर हौद बांधून काय उपयोग? मोठ्या कासवाला रोज मासे लागत नाहीत. पालेभाजी, भोपळा, पाण्यातलं गवत चालतं, आठवड्यातून दोनदा लहान अख्खे मासे. पुढच्या पायाची नखं लांब आणि शेपूट जाड असेल तर नर. मादी असेल तर नराशिवायही अंडी घालू शकते, त्यांतून पिल्लं निघत नाहीत एवढंच. तिला वाळूचा कोपरा द्या, म्हणजे अंडी पोटात अडकणार नाहीत.

हात लावल्यावर साबणाने धुवा, आणि त्याचं पाणी मोरीत भांड्यांजवळ ओतू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात, लहान मुलांना त्याने जबर हगवण लागते. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली ती याचसाठी.

हौद खरंच जमत नसेल तर वनखात्याला विचारा, १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे. किंवा ते नीट सांभाळू शकेल असं दुसरं घर बघा. माझ्या ओळखीतल्या एका शाळामास्तरांनी अशी तीन कासवं घेतली आहेत. आणि देवळातल्या भटजींना माझा नमस्कार सांगा. देवाच्या तळीत जे आधीपासून राहतात, त्यांना राहू देण्यात पुण्य आहेच.

(एक जोडून सांगते. तुमच्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असत्या तर माझं उत्तर वेगळं झालं असतं. ते स्टार कासव, भारतातलं, कोरड्या माळरानाचं. लक्ष्मी येते म्हणून लोक ते घरात ठेवतात. कायद्याने ते ठेवता येत नाही, आणि कोकणच्या पावसात त्याला न्युमोनिया होतो. असं कुणाकडे असेल तर आजच वनखात्याला कळवा.)

ताई, चार वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून माकडीण मेली, तिच्या पोटाला पिल्लू होतं. दिरांनी ते घरी आणलं. बाटलीने दूध पाजून मीच मोठं केलं, मुलासारखं. आता ता कोणाचाच आयकणा नाय. मागच्या महिन्यात नातवाच्या हाताला चावलं. घरचे म्हणतात, आंबोलीच्या घाटात नेऊन सोडूया, तिथे माकडं आहेत, पर्यटक खायला घालतात. मला झोप येत नाही.
— एक भगिनी, ता. सावंतवाडी

ताई, आधी नातवाचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. माकडाच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो. तेव्हा नेलं नसेल तर हे पत्र वाचून आज न्या. महिना झाला म्हणून थांबू नका.

आता माकडाचं. तुम्ही त्याला वाढवण्यात चुकलात असं मी म्हणणार नाही. मेलेल्या आईला चिकटलेलं पिल्लू बघून कुणाचाही हात पुढे होतो. माझाही झाला होता. मी नोकरीला नवीन होते. वैशाखात एका घराची कौलं परतताना माळ्यावर कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, दोन पिल्लं सापडली आणि घरच्यांनी टोपलीत घालून दवाखान्यात आणली. मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, मग केळं, मग फणसाचा गरा. ती माझ्या खांद्यावर झोपायची. आश्विनात मोठ्या समाधानाने मी त्यांना देवरहाटीत, देवाच्या राखलेल्या रानात, सोडून आले. अकराव्या दिवशी त्यातलं एक वाडीतल्या एका पडवीत आलं. दिवा दिसला, माणसांचा आवाज आला, म्हणजे जेवण, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. कुत्र्यांनी धरलं. त्या घरच्या बाईंनी मला बोलावलं तेव्हा ते जिवंत होतं, माझा हात त्याने ओळखला. माझ्याने काही झालं नाही. दुसरं मला पुन्हा दिसलं नाही. या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून 'रानात सोडून आलो' हे शब्द मला ऐकवत नाहीत.

तुमच्या माकडाला आंबोलीत कळप भेटेल हे खरं, पण कळप म्हणजे नातेवाईक. कोण कुणाची मुलगी, कुणी कुणापुढे मान खाली घालायची, हे त्यांचं जन्मापासून ठरलेलं असतं. तुमच्या माकडाला त्यांची भाषा येत नाही. ते चुकीच्या वेळी दात दाखवेल आणि फाडून निघेल, नाहीतर रस्त्यावर येईल, गाडीच्या काचेला हात लावेल, वेफर्सची पिशवी ओढेल. एखादं मूल घाबरून ओरडेल, त्याचा बाप दगड उचलेल. माणसाला न भिणारं माकड माणसाच्याच हातून मरतं.

आणि तुमच्या भागात माकडताप आहे, हे तुम्हाला सांगायला नको. २०१६ पासून दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात लोकांनी तो भोगला आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि माकडंही त्याने मरतात. रानात सोडलेलं आणि माणसांच्या ओढीने पुन्हा खळ्यात येणारं माकड अंगावरून काय घेऊन येईल, याचा घरच्यांना विचार करायला सांगा.

कायदा थोडक्यात सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. असा प्राणी घरात ठेवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाख रुपयांपर्यंत गेला आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काही प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे. या भीतीनेच लोक रात्री गाडीत घालून घाटात सोडतात, हे मला माहीत आहे. तुम्ही तसं करू नका. मी स्वतः अशा घरांबरोबर तीनदा वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात गेले आहे. पिल्लू कसं मिळालं, किती वर्षं ठेवलं, सगळं खरं सांगितलं. तिन्ही वेळा जबाब लिहून घेतला आणि प्राणी ताब्यात घेतला, पुढे काही झालं नाही. तुमच्या बाबतीत कसं होईल याची हमी मी देऊ शकत नाही, पण सोबत हवी असेल तर कळवा, मी येईन. त्याला काय आवडतं, कशाला घाबरतं, रात्री कसं झोपतं, हे एका कागदावर लिहून द्या. पुढे जो सांभाळेल त्याला याचा फार उपयोग होतो, आणि हे तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

तोवर साखळी गळ्याला बांधू नका, कमरेला पट्टा बांधा. नातवाला जवळ जाऊ देऊ नका. नर पाच-सहा वर्षांचा झाला की याहून आडदांड होतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा, त्याचं तुमच्यावरचं प्रेम आटलेलं नाही. ते वयात आलं आहे, आणि त्या वयात त्याला हवं ते घरात मिळत नाही.

घरच्या टाकीतला सकर मासा हातभर झाला आहे. विहिरीतलं शेवाळ खाईल म्हणून विहिरीत सोडू का?
— एक बागायतदार, ता. राजापूर

नको. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, त्यामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही, आणि पाण्यात हवा कमी पडली तर वर येऊन गिळतो. नदीत गेला तर काठाला बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतो, जाळी फाटतात. तुमची विहीर श्रावणात तोंडोतोंड भरते ना? मग सांगायला नको. विहीर एप्रिलात उपसून घासून घ्या. डासांसाठी आरोग्य खातं गप्पी मासे देतं तेसुद्धा बंद टाक्यांपुरतेच ठेवा, ओढ्यात नेऊन ओतू नका.

मी सातवीत आहे. आजोबांकडे तीन वर्षांपासून पोपट आहे. शेजारच्या काकांनी वठलेल्या माडाच्या ढोलीतून काढून दिला. बाई म्हणाल्या, पोपट पाळायला बंदी आहे. आजोबा म्हणतात, तो आमच्याशिवाय राहणार नाही. मी कुणाला न सांगता पिंजऱ्याचं दार उघडं ठेवू का?
— एक विद्यार्थिनी, ता. मालवण

बाळा, तुझ्या बाई बरोबर सांगतात. आपल्या रानातला कुठलाच पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही. पण दार उघडू नकोस.

तीन वर्षं तो दोन काठ्यांच्या मधे उड्या मारतो आहे. त्याच्या पंखांत लांब उडायची ताकद राहिलेली नाही. पिसं कापली असतील तर ती पुन्हा येतात, पण त्याला महिने लागतात. शिकरा कसा दिसतो, तो आला की थव्याने कसं ओरडायचं, कुठलं फळ कधी पिकतं, हे त्याचे आईबाप शिकवणार होते. तो उडून शेजारच्या आंब्यावर बसेल, संध्याकाळपर्यंत तुम्हाला हाका मारेल, आणि त्या हाका मांजरालाही ऐकू येतील.

आधी हे पत्र आजोबांना वाचून दाखव. मग दोघं मिळून १९२६ ला फोन करा. वनखात्याची माणसं त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेतील. उडता येत असेल तर मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर ठेवून हळूहळू सवय लावतात. येत नसेल तर तो तिथेच जपला जाईल. तोवर नुसती मिरची आणि चण्याची डाळ देऊ नका, त्याने डोळे आणि श्वासनळी बिघडते. पेरू, लाल भोपळा, पालेभाजी, कणीस द्या.

तो जाईल त्या दिवशी शाळेतून लवकर घरी ये. आजोबांपाशी बस, त्यांना त्या पोपटाच्या गोष्टी सांगायला लाव. आणि रिकामा पिंजरा माळ्यावर टाकू नका, भंगारवाल्याला देऊन टाका. पिंजरा घरात राहिला की पुढच्या फाल्गुनात शेजारचे काका पुन्हा ढोलीत हात घालतात.