शनिवारची पाळी सोडून ‘मोफत’ बॉयलर घ्यावा का?

सप्रेम नमस्कार. इतर वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. तुम्ही उभयता ब्रिटिश नागरिक आहात आणि इंग्लंडमध्ये स्लाऊ येथे, हप्ते चालू असलेल्या स्वतःच्या जुन्या घरात राहता. यजमानांची करपूर्व मिळकत वर्षाला २५,००० पौंड, तुमची शाळेच्या स्वयंपाकघरातील अर्धवेळ नोकरीची ८,६०० पौंड; मुले १३ आणि १० वर्षांची; बचत ७,२०० पौंड. २००९ सालच्या बॉयलरचा दाब रोज उतरतो आणि तुम्ही रोज सकाळी कपाटातले पोह्या-रव्याचे डबे बाजूला काढून, खालची चावी फिरवून काटा पुन्हा दीडवर आणता. दुरुस्तीला ३४० पौंड आणि नव्या बॉयलरला २,८०० पौंड सांगितले आहेत. अशात एकाने फोन करून सांगितले की, उत्पन्न ३२,३०० पौंडांच्या आत आणले तर सरकारी योजनेतून बॉयलर मोफत बसेल, आणि ‘सर्वेक्षणा’चे १९९ पौंड आगाऊ मागितले. त्यासाठी यजमानांनी शनिवारची जादा पाळी, म्हणजे वर्षाचे १,९०० पौंड, सोडावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

पाळी सोडू नये आणि १९९ पौंड मुळीच देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमचे आकडे मांडताना बॉयलरपेक्षा मोठी गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आधी सांगतो.

तुम्ही चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेता, पण युनिव्हर्सल क्रेडिटसाठी (कमी उत्पन्नाच्या घरांना, नोकरी असली तरी, मिळणारी मासिक सरकारी मदत) कधी अर्ज केलेला नाही, कारण ‘ते बेकारांसाठी असते’ असे तुम्ही लिहिता. हा समज आपल्या अनेक कष्टकरी घरांचे नुकसान करतो, म्हणून हिशेब सविस्तर देतो. २०२५-२६ च्या दरांनी जोडप्याचे मूळ ६२८ पौंड, थोरल्या मुलाचे ३३९ आणि धाकट्याचे २९३ मिळून महिन्याला १,२६० पौंड होतात. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची सक्तीची कपात) जाऊन तुमच्या दोघांच्या हाती महिन्याला अंदाजे २,५१० पौंड येतात. घरभाड्याची मदत घेत नसल्यामुळे त्यांतले ६८४ पौंड हिशेबात धरले जात नाहीत आणि उरलेल्या रकमेच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १,००४ पौंड, वजा होतात. बचतीतले ६,००० पौंड सोडून वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे ४.३५ पौंड धरतात, त्याचे आणखी २२ वजा करा. तरीही महिन्याला २३० पौंडांच्या आसपास उरतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ एका नव्या बॉयलरची किंमत. पगारातून निवृत्तिवेतनाची कपात होत असेल, तर ही रक्कम थोडी वाढेल. मागील महिन्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यामुळे अर्ज याच आठवड्यात करा. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थेची ‘हेल्प टू क्लेम’ सेवा त्यासाठी विनामूल्य मदत करते. (ज्या वाचकांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट आहे, त्यांनी मात्र हा अर्ज करू नये, त्याने व्हिसाच्या अटीचा भंग होतो.)

आता त्या ३२,३०० पौंडांविषयी. हा आकडा खरा आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ईको-४ योजनेत (वीज-गॅस कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांत ऊर्जाबचतीची कामे करून देण्याची सरकारी योजना) केवळ चाइल्ड बेनिफिटच्या आधारे पात्र ठरायचे असेल, तर दोन मुले असलेल्या जोडप्याला तीच मर्यादा आहे. पण युनिव्हर्सल क्रेडिट मिळू लागले की ती मर्यादा लागूच होत नाही, आणि शनिवार सोडण्याचे कारणच उरत नाही. फोनवाल्याने सांगितले नाही ते असे, की उत्पन्नाची अट ही फक्त पहिली पायरी आहे. घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे ईपीसी, ‘डी’ ते ‘जी’ यांपैकी (‘ए’ सर्वांत चांगला, ‘जी’ सर्वांत वाईट) असावा लागतो आणि तुमच्यासारखे ‘डी’ घर कामानंतर ‘सी’पर्यंत पोहोचावे लागते, म्हणून माळ्यावरचे आणि भिंतींचे उष्णतारोधन आधी येते. तुमचा बॉयलर २००५ नंतरचा, कंडेन्सिंग पद्धतीचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातली उष्णताही वापरणारा असून अजून चालतो आहे; तो बदलण्याजोगा ठरणे अवघड आहे. शिवाय या योजनेची मूळ मुदत ३१ मार्च २०२६ होती आणि ती पुढे न चालवण्याचे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. तिच्या भरवशावर घरचा पगार कमी करणे मला पटत नाही.

युनिव्हर्सल क्रेडिट नसताना पाळी सोडल्याने १,९०० पैकी हाती येणारे १,३६८ पौंड दरवर्षी जातील, आणि बदल्यात मिळेल ती केवळ शक्यता.

तुमच्यासाठी अधिक योग्य दार म्हणजे ‘वॉर्म होम्स: लोकल ग्रँट’. ती इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून स्थानिक कौन्सिलांमार्फत चालते आणि घरातील एकूण उत्पन्न ३६,००० पौंडांपर्यंत असल्यास, ‘डी’ ते ‘जी’ दाखल्याच्या खासगी घरांसाठी अर्ज करता येतो. हिच्यातून गॅसचा बॉयलर मिळत नाही. उष्णतारोधन, सौर पॅनेल किंवा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारे यंत्र) मिळू शकतो. हीट पंप सुचवला गेला, तर घाईने होकार देऊ नका. विजेचे युनिट गॅसच्या चौपटीच्या आसपास महाग आहे आणि चांगला पंप एका युनिट विजेतून सुमारे तीन युनिट उष्णता देतो, त्यामुळे भिंती आणि माळा नीट झाल्याशिवाय बिल उतरेलच असे नाही. वर्षाचे अपेक्षित बिल लेखी मागा.

कारागिरीबाबतही सावध राहा. ऑक्टोबर २०२५ मधील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार, अशा योजनांत बाहेरून भिंतींचे उष्णतारोधन केलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करण्याजोगे दोष आढळले. ओल आणि बुरशीचे निस्तरणे घरमालकाच्या गळ्यात पडू शकते. काम करणारे ट्रस्टमार्कवर (घरकामाच्या कारागिरांची सरकारमान्य दर्जा-नोंदणी) नोंदलेले आहेत का आणि हमीपत्र कोणाच्या नावाने मिळणार, हे काम सुरू होण्यापूर्वी पाहा.

राहिला प्रश्न यंदाच्या थंडीचा. दाब उतरणे म्हणजे बॉयलर संपला असे नव्हे. बऱ्याचदा दोष प्रसरण टाकीत, झडपेत किंवा एखाद्या रेडिएटरच्या सांध्यात असतो. गॅस सेफ (गॅसचे काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या कारागिराने बॉयलर सुरक्षित असल्याचे लेखी दिले, तर बचतीतून ३४० पौंड देऊन दुरुस्ती करून घ्या आणि कौन्सिलकडे अर्ज टाका. दुरुस्ती टिकली नाही, तर नवा बॉयलर बचतीतूनच घ्यावा. हाती ४,००० पौंडांहून थोडे अधिक उरतील आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधून ती तूट वर्षभरात भरत आणता येईल. हप्त्यांवर घेतल्यास ११.९ टक्के दराने पाच वर्षे महिन्याला सुमारे ६१ पौंड, म्हणजे एकूण अंदाजे ३,६८० पौंड जातील. कौन्सिलचे उत्तर आले की घराच्या ईपीसी दाखल्यातले सुधारणांचे पानही मला पाठवा. घराला आधी काय हवे, हे त्यात क्रमाने लिहिलेले असते.