सीनियर बोलचा सामना शनिवारी असतो, मग एनएफएलचे स्काऊट गुरुवारीच का निघून जातात?

तुमचा प्रश्न असा आहे की अलाबामातल्या मोबील शहरात सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या निमंत्रितांच्या सामन्यासाठी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या सगळ्या ३२ संघांचे स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे, येतात, पण सामन्याच्या दोन दिवस आधीच बरेचसे परत निघतात. मग येतात कशाला, आणि तीन दिवसांत त्यांना कळतं तरी काय?

मी अलाबामात राहतो. जमेल त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी मोबीलला जाऊन स्टँडमध्ये बसतो. स्काऊटिंग हा माझा पेशा नाही, पण कॉलेज फुटबॉलचं वेड आहे, आणि हा आठवडा मला अख्ख्या हंगामापेक्षा जास्त शिकवून जातो. तर सांगतो.

ते सरावासाठी येतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस पॅड घालून सराव होतो आणि त्यांना जे हवं असतं ते तिथेच मिळतं. शनिवारच्या सामन्याचा व्हिडिओ काय, ऑफिसात बसूनही बघता येतो.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. कॉलेजचा हंगाम संपला की एप्रिलच्या ड्राफ्टआधी (ड्राफ्ट म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं), एनएफएलच्या उंबरठ्यावर असलेल्या शंभराहून जास्त खेळाडूंना निमंत्रण देऊन दोन संघ बनवतात. पहिला सीनियर बोल १९५० साली जॅक्सनव्हिलला झाला आणि पुढच्याच वर्षी तो मोबीलला आला, तो आजवर तिथेच आहे. पूर्वी लॅड-पीबल्स स्टेडियमवर व्हायचा, २०२१ पासून साउथ अलाबामा विद्यापीठाच्या हॅनकॉक व्हिटनी स्टेडियमवर होतो.  

आता शनिवारच्या सामन्याला स्काऊट एवढं महत्त्व का देत नाहीत ते बघा. सोमवारपर्यंत एकमेकांना न ओळखणारी पोरं शनिवारी एका संघात खेळतात. प्लेबुक, म्हणजे ठरवलेल्या डावांचं पुस्तक, अगदी पातळ असतं. बचाव करणाऱ्या संघावर ब्लिट्झच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जादा खेळाडू धाडण्याच्या, बाबतीत बंधनं असतात. सगळ्यांना संधी द्यायची म्हणून खेळाडू सतत बदलले जातात. एखाद्या उत्तम रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) संपूर्ण सामन्यात एकदाच चेंडू येऊ शकतो, त्यावरून काय ठरवणार? २०१६ च्या सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला मिळाला. त्याच आठवड्यात नॉर्थ डकोटा स्टेटचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झही तिथे होता. ड्राफ्टमध्ये वेंट्झ दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि प्रेस्कॉट १३५व्या. पुढे कोण किती टिकलं तो भाग वेगळा, पण शनिवारच्या त्या मानाने कुठल्या स्काऊटची वही बदलली नव्हती एवढं खरं.

वही हा शब्द मुद्दाम वापरला, कारण सगळी गोम तिथे आहे. मोबीलला येणाऱ्या स्काऊटने बहुतेक खेळाडू शरद ऋतूतच बघितलेले असतात. कॉलेजात जाऊन सराव पाहिलेला असतो, प्रशिक्षकांशी, ट्रेनरशी, कधी कधी शिकवणाऱ्यांशीही बोलणं झालेलं असतं, सामन्यांची टेप पुन्हा पुन्हा बघितलेली असते, रिपोर्ट लिहून तयार असतो. त्या रिपोर्टच्या तळाशी एखादी शंका राहिलेली असते जिचं उत्तर कॉलेजच्या टेपमध्ये मिळतच नाही. त्या एका शंकेसाठी माणूस मोबीलला येतो.

माझं आवडतं उदाहरण २०२४ मधलं, क्विन्यॉन मिचेलचं. हा टोलेडो विद्यापीठाचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. २०२२ मध्ये त्याने नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एकाच सामन्यात चार इंटरसेप्शन घेतली होती (विरोधकांचे पास मध्येच पकडले होते), म्हणजे चेंडू हेरण्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका दोन होत्या. टोलेडो मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या तुलनेने छोट्या गटात खेळतं, तिथले रिसीव्हर अलाबामा किंवा जॉर्जियाच्या तोडीचे नसतात. आणि टोलेडोत तो बहुतेक वेळा रिसीव्हरपासून अंतर राखून, समोर बघत खेळायचा. एनएफएलमध्ये अगदी तोंडावर उभं राहून, हात लावून, चाळीस यार्ड सोबत धावावं लागतं. हे त्याला जमेल का? ते टेपमध्ये शोधूनही सापडलं नसतं, कारण त्याला ते करायला सांगितलंच नव्हतं. मोबीलमध्ये त्याने वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे एकास एक कवायतीत, मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरांसमोर एकामागून एक रेप (प्रयत्न) घेतल्या आणि त्यांना मोकळं होऊच दिलं नाही. एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला २२व्या क्रमांकावर उचललं, त्या ड्राफ्टमधला तो पहिला कॉर्नरबॅक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघाचा पहिल्या फळीतला खेळाडू होता.

मात्र वन-ऑन-वन बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, आणि नवखे प्रेक्षक इथेच फसतात. या कवायतींचं पारडं मुळातच एका बाजूला झुकलेलं असतं. रिसीव्हर विरुद्ध कॉर्नरबॅकमध्ये क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही, मागच्या बचावपटूची, सेफ्टीची, मदत नाही, सगळं मैदान मोकळं. म्हणजे रिसीव्हरची चैन. म्हणूनच मिचेलसारखा कॉर्नर तिथे वरचढ ठरला तर ती मोठी गोष्ट. उलट क्वार्टरबॅकला राखणारा ऑफेन्सिव्ह लाइनमन विरुद्ध क्वार्टरबॅकवर धावून जाणारा पास रशर यांच्यात बचाववाल्याला दोन्ही बाजूंना हवी तेवढी जागा असते, लाइनमनच्या शेजारी आपला गार्ड (बाजूचा लाइनमन) नसतो. तिथे रशर जिंकणारच. त्यामुळे स्काऊट नुसतं कोण जिंकलं ते लिहीत नाही, कसं जिंकलं ते लिहितो. पहिलं पाऊल कुठे पडलं, हात आत लागले की बाहेर, गुडघे वाकले की कंबर, पहिली युक्ती फसल्यावर दुसरी होती का.

ही लाइनमनची कवायत जवळून बघावी. आखाड्यात जोड लावतात तशीच दोघांची जोड लावतात. मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक पुतळा किंवा कुणीतरी उभं, प्रशिक्षक चेंडू हलवतो आणि दोघे भिडतात. दोन-तीन सेकंदांत सगळं संपतं. पॅड एकमेकांवर आदळल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत येतो. हरलेला माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं. कुणी मान खाली घालून रांगेच्या शेवटी जातो, कुणी तिथेच उभा राहून त्याच माणसाबरोबर आणखी एक रेप मागतो. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या स्काऊटची पेन्सिल याच वेळी चालू असायची.

२०१४ मध्ये याच कवायतीने ॲरन डोनाल्डला वर नेलं. पिट्सबर्ग विद्यापीठाचा हा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, त्या वर्षी देशातली बहुतेक मोठी पारितोषिकं जिंकून आला होता, पण अंगाने लहान. २८५ पौंडांच्या आसपास वजन आणि उंचीही बेताची. एनएफएलमधले सव्वातीनशे पौंडांचे गार्ड याला दाबून टाकतील असं म्हणणारे कमी नव्हते. मोबीलमध्ये तो समोरच्याच्या पॅडखाली शिरायचा, त्याचे हात झटकायचा आणि सावध व्हायच्या आत पलीकडे गेलेला असायचा. त्याला त्या आठवड्यात थोपवून धरणारा जो एक जण होता तो नोत्र दामचा झॅक मार्टिन. मार्टिनबद्दलची शंका वेगळी होती: कॉलेजात लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा लाइनमन, पण त्या जागेच्या मानाने हात आखूड. दोघांच्या समोरासमोरच्या रेप्सचे व्हिडिओ आजही बघायला मिळतात, जरूर बघा. मार्टिन खाली बसतो, हात आत ठेवतो आणि जागचा हलत नाही. डोनाल्ड १३व्या क्रमांकावर सेंट लुईस रॅम्सकडे गेला, मार्टिन १६व्या क्रमांकावर डॅलस काउबॉइजकडे. काउबॉइजनी मार्टिनला गार्ड केलं आणि तो आपल्या पिढीतल्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक ठरला. डोनाल्ड तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. एकाच कवायतीत दोघांच्याही शंका मिटल्या.

पण मला विचाराल तर तीन दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मंगळवार आणि गुरुवार यांच्यातला फरक. एका वर्षी मी एका गार्डवर नजर ठेवून होतो. मंगळवारी तो डोकं पुढे टाकून समोरच्यावर झेप घ्यायचा आणि रशर त्याला तसाच पुढे ओढून बाजूने निघून जायचा. सलग दोन वेळा हेच झालं. प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेतलं, छातीच्या पॅडला धरून त्याचा वरचा भाग मागे ढकलला आणि पार्श्वभागाकडे बोट दाखवलं, म्हणजे वजन तिथे ठेव. बुधवारी तो गोंधळला होता, ना धड जुनं ना नवं. गुरुवारी त्याच रशरने तीच ओढायची युक्ती केली आणि गार्ड होता तिथेच राहिला. ती रेप कुठल्या हायलाइट्समध्ये आली नसणार. पण ज्या संघाला या मुलाला चार वर्षं शिकवायचं आहे त्याच्यासाठी त्याहून महत्त्वाचं काय असेल?

म्हणूनच पूर्वी जेव्हा एनएफएलचे अख्खे कोचिंग स्टाफ इथे संघ सांभाळायचे तेव्हा त्यांना मोठा फायदा व्हायचा. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या स्टाफने दक्षिणेचा संघ सांभाळला. त्यात साउथ कॅरोलायनाचा रिसीव्हर डीबो सॅम्युएल होता. आठवडाभर मीटिंगमध्ये, मैदानावर त्याला बघितलं आणि ३६व्या क्रमांकावर त्याला घेतलं. आता वेगवेगळ्या संघांमधून सहायक प्रशिक्षक निवडतात, त्यामुळे हा फायदा वाटला जातो.

लहान कॉलेजच्या मुलांसाठी तर हा आठवडा म्हणजे आयुष्याची परीक्षा. डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या खालच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळत नाही. तिथल्या होबार्ट कॉलेजचा अली मार्पेट २०१५ मध्ये मोबीलला आला, टिकला, आणि दुसऱ्या फेरीत टॅम्पा बेकडे गेला. २०२१ मध्ये विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा क्विन माइनर्झ आला. कोविडमुळे त्याचा शेवटचा हंगाम झालाच नव्हता, म्हणजे स्काऊटकडे ताजी टेप शून्य. जर्सी वर गुंडाळलेली, पोट उघडं, अशा अवतारात तो गार्डही खेळला आणि सेंटरही (लाइनच्या मधोमधचा). सगळ्यांनी आधी पोटाचे फोटो काढले, मग त्याच्या रेप्स बघितल्या. डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत घेतलं, २०२४ मध्ये तो ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात निवडला गेला. अशा मुलांची बातमी आली की मला अजूनही भरून येतं.

मोजमापांचं म्हणाल तर उंची, वजन, पंजा, हाताची लांबी आणि दोन्ही हात पसरल्यावरचं माप अशी सगळी इथे घेतली जातात. उंची चार आकड्यांत लिहितात, ६०१३ म्हणजे ६ फूट १ इंच आणि वर तीन अष्टमांश. क्वार्टरबॅकच्या पंज्यावर तर चर्चेचा पूर येतो. २०२२ मध्ये केनी पिकेटने इथे पंजा मोजू दिला नाही, पुढे कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) तो साडेआठ इंच भरला, आणि तरीही पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला २०व्या क्रमांकावर घेतलं. माझ्या मते पंज्याचा बाऊ जरा जास्तच केला जातो. टॅकलच्या हाताच्या लांबीला मात्र अर्थ आहे, कारण जो आधी पोहोचतो तो रेप ठरवतो. संध्याकाळी हॉटेलात मुलाखती असतात. दुखापती, घरची माणसं, फळ्यावर एखादा प्ले (डाव) काढून समजावून सांग, असं सगळं. ते आपल्याला बघायला मिळत नाही, पण संघांसाठी तो अर्धा आठवडा असतो.

क्वार्टरबॅकबद्दल मी या आठवड्यावरून फारसं मत बनवत नाही. अनोळखी रिसीव्हरबरोबर टायमिंग तीन दिवसांत जुळत नाही. चेंडू हातातून किती जोरात सुटतो आणि हडलमध्ये, म्हणजे डावाआधीच्या घोळक्यात, पोरं त्याचं ऐकतात का, एवढंच कळतं.

आणि हो, सगळं बघूनही ३२ संघ चुकतात. रिसीव्हर पुका नाकुआ २०२३ मध्ये मोबीलच्या संघात होता. ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीपर्यंत, १७७व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. रॅम्सने घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड असा तेव्हा नवोदितांचा विक्रम केला.

तुम्हाला घरून बघायचं असेल तर सराव टीव्हीवर दाखवतात. चेंडूमागे धावू नका. खेळाडू आपापल्या कॉलेजचंच हेल्मेट घालतात, त्यामुळे ओळखायला सोपं जातं. लहान कॉलेजचा एक लाइनमन आणि एक कॉर्नरबॅक निवडा, मंगळवारी ते कशात कमी पडले ते कागदावर लिहा, आणि गुरुवारी फक्त तेवढंच बघा. मग एप्रिलमध्ये ते कितव्या क्रमांकावर गेले ते ताडून पाहा, आणि काय दिसलं ते इथे कमेंटमध्ये मला नक्की कळवा.