जेवताना गुरगुरतो म्हणून मारू नका

भांड्याजवळ गेलं की तुमचा कुत्रा गुरगुरतो, म्हणालात. एक गोष्ट आधी पक्की करा: त्याबद्दल त्याला रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ हा इशारा. मार खाऊन तो इशारा देणं बंद करतो, भीती मात्र तशीच राहते आणि एक दिवस थेट चावतो. मग लोक म्हणतात, अचानक चावला!

नीट बघा. गुरगुरण्याआधीच तो अंग ताठ करतो, भराभर गिळायला लागतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. तेव्हा पुढे जाऊ नका. ज्या अंतरावर तो निवांत खातो तिथूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. रोज असंच. तुम्ही आलात की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला पटलं की एखादं पाऊल पुढे. भांडं हिसकावून ‘मालक कोण’ ते दाखवा, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. त्याने प्रकरण चिघळतं.

हे नव्यानेच सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा, दुखण्यामुळेही कुत्रा असा वागतो. आणि घरात लहान मूल असेल तर कुत्र्याला वेगळ्या खोलीत, दार लावूनच खायला घाला.