क्षमा नसलेले पाप

प्रश्न : घरातल्या मृत्यूनंतर रागाच्या भरात मी पवित्र आत्म्याबद्दल नको ते बोललो. अशा दुर्भाषणाची क्षमा होणार नाही, असे बायबलमधील मत्तय 12:31-32 मध्ये आहे. दोनदा पापनिवेदन केले, म्हणजे धर्मगुरूंजवळ पाप कबूल केले, तरी भीती जात नाही. मला क्षमा आहे का?

उत्तर : आहे. तेवढी दोनच वचने धरून बसू नका. मार्क 3:22 ते 30 सलग वाचा. येशू भुते काढत होता हे शास्त्र्यांनी, म्हणजे यहुदी नियमशास्त्राच्या पंडितांनी, नाकारले नाही, पण ते काम भुतांचा अधिपती बालजबूल याचे, असे ते सांगत होते. येशूचा इशारा त्यांना आहे आणि त्याचे कारण मार्कने 30व्या वचनात दिले आहे : त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते. ‘म्हणाले’ नव्हे, ‘म्हणत होते’. मूळ ग्रीक क्रियापदही तसेच, चालू राहिलेली क्रिया दाखवणारे आहे. म्हणजे प्रश्न तोंडून निसटलेल्या एका वाक्याचा नाही. देवाचे काम समोर असताना ते सैतानाचे ठरवून त्यावर अडून राहण्याचा आहे. संत ऑगस्टीनने या पापाचा अर्थ मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा लावला. क्षमा मागायलाच जो तयार नाही, त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी? तुम्ही तर मागत आहात. येशूचा शिष्य पेत्र याने शापोच्चार करून, शपथ वाहून येशूला नाकारले (मार्क 14:71). तोही परत घेतला गेला.

आता पापनिवेदनाविषयी. एकदा प्रामाणिकपणे सांगून पापमुक्ती मिळाली की ते पाप पुन्हा सांगायचे नाही. प्रत्येक वेळी पुन्हा सांगितले की आधीची क्षमा कच्ची होती असे मन धरून बसते आणि भीती वाढते. एकच धर्मगुरू ठरवा, त्यांना ही भीती सांगा आणि त्यांचा शब्द माना. नको असताना मनात घुसणारे शब्द हे पाप नव्हे, कारण त्यांना तुमची संमती नसते. त्यांच्याशी झगडण्यात तासन्‌तास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. त्याने श्रद्धेला कमीपणा येत नाही.

प्रश्न : प्राणघातक पाप म्हणजे अक्षम्य पापच ना?

उत्तर : नाही, ही गल्लत फार होते. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पाप प्राणघातक, म्हणजे देवाशी असलेले आत्म्याचे नाते तोडणारे, ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वखुशीची संमती. एक जरी नसली तरी ते प्राणघातक ठरत नाही. आणि ठरले, तरी पश्चात्ताप करून पापनिवेदन केल्यावर त्याची क्षमा होते.