पाऊस गगनबावड्यात, पूर कोल्हापुरात

पावसाळा लागला की नद्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली चार.

शहरात पाऊस उघडला, ऊन पडलं. तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी इंचाइंचानं चढतच होतं. असं का? (कोल्हापूर)

तुम्ही पाहिलंत ते शहरावरचं आभाळ. पंचगंगा त्याला फारसं जुमानत नाही. तिचं पाणी येतं गगनबावडा, राधानगरीच्या घाटाकडून, आणि तिकडचा पाऊस शहराच्या कितीतरी पट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या वर बोटांसारख्या फाकलेल्या आहेत आणि शहराच्या तोंडाशी, प्रयाग चिखलीच्या आसपास, एका मुठीत येतात. खोरं लांबट असतं तर एकीचं पाणी निघून गेल्यावर दुसरीचं आलं असतं. इथे सगळ्यांचे लोंढे थोड्याफार अंतरानं एकत्रच थडकतात. त्यात राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. तोवर शहरात छत्र्या मिटलेल्या असतात.

खरी अडचण मात्र शहराच्या खाली. इथून नृसिंहवाडीपर्यंत नदीला उतार फार कमी, ती वळणं घेत रेंगाळते. वाडीला कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेला पुढे सरकायला जागा नाही. फुगवटा मागे चढतो. म्हणून ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलेलं पाणी उतरताना जीव खातं. घाटावर पाण्याच्या कडेला काठी रोवून बसलेले म्हातारे आधी “गगनबावड्याला काय हाय?” असं विचारतात, ते उगाच नाही.

आमच्याकडे रात्रीतून पाणी घरात येतं आणि एक-दोन दिवसांत उतरतंही. कोल्हापूरला मग आठवडा का लागतो? (महाड)

कोकणातली नदी म्हणजे घसरगुंडी. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात, हजाराहून अधिक मीटर उंचीवर उगम पावते आणि थोडक्या अंतरात तुमच्या सपाटीवर येते. कड्याचा कातळ पाणी पीत नाही, त्यामुळे पाऊस आणि पूर यांच्यात जेमतेम काही तासांचं अंतर. एकच वैरी: भरती. वरून लोंढा आणि खाडीतून समुद्र, अशा कात्रीत पाणी तुंबतं. ओहोटी लागली, वरचा पाऊस थांबला, की झरझर उतरतं.

जूनमध्ये ६० मिलिमीटर पाऊस झाला, नदीला टिपूस नाही. ऑगस्टमध्ये तेवढ्याच पावसात पुलावरून पाणी! मोजणाऱ्याची चूक? (बीड)

मोजणाऱ्याला सोडा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर; ६० मिलिमीटरचे झाले ६ लाख. दोन्ही वेळा तेवढंच पडलं, फरक रानात. उन्हानं तडकलेल्या काळ्या जमिनीच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पहिला पाऊस त्या भेगाच गिळतात. मग चिकण माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन ताटासारखी होते. खाली मुरूम भिजलेला, त्याखाली काळा पाषाण. मुरायला जागा उरत नाही, निम्मं जरी वाहिलं तरी हेक्टरी ३ लाख लिटर ओढ्याला जातं. पाऊस किती पडला याच्या आधी जमीन किती भिजली आहे ते पाहा.

डोंगरावर झाडं लावली तर आमच्या ओढ्याचा पूर थांबेल का? (पुणे)

अर्धंमुर्धं. वळवाच्या तासाभराच्या सरीत झाडोरा, पालापाचोळा, भुसभुशीत माती पाणी अडवतात आणि लोंढा उशिरा, ठेंगणा येतो. पण तुमच्या ओढ्याच्या पाणलोटात खाली छपरं आणि सिमेंटचे रस्ते असतील, तर तिथलं पाणी डोंगराची वाट बघत नाही, काही मिनिटांत पात्रात. आणि आठवडाभर झड लागली की जंगलातली मातीही चिंब होते. राधानगरीच्या दाट रानातूनही मग पाणी खाली येतंच. माती मात्र फार घेऊन येत नाही.